फ्रोझन कुप्याचं पाकीट: लालभडक रंगावर जाऊ नका

माल असा: येलोफिन ट्यूना, म्हणजे आपला कुपा. हाड नाही, कातडी नाही, चार चौकोनी तुकडे, व्हॅक्युम पाकीट, 500 ग्रॅम, फ्रोझन, घरपोच. भाव त्याच दुकानातल्या सुरमईच्या तुकड्यांच्या आसपास. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर खाली जे तपासायला सांगितलंय ते कुठल्याही नावाच्या पाकिटाला लागू पडतं, आणि दुसरं म्हणजे पुढचं पाकीट याच दर्जाचं निघेल अशी हमी या माशाच्या बाबतीत देणं फार अवघड आहे. ते का, हे कळलं की पाकीट निवडणं सोपं जातं.

आधी निकाल: 5 पैकी साडेतीन. चारपैकी तीन तुकडे तव्यावर झटपट भाजायला फार छान, चौथा जवळपास बाद. कालवणासाठी घेणार असाल तर पैसे वाया घालवू नका. त्यासाठी गेदर हा लहान ट्यूना आहे, त्याचं पुढे येईलच.

पाकिटाच्या मागे लिहिलंय, 'ताशी 75 किलोमीटर वेगाने पोहणारा मासा.' हा आकडा 1964 साली छापून आलेल्या मोजणीतला. गळाला लागलेल्या माशाने दोर किती वेगाने खेचून नेला, यावरून तो काढला होता, आणि तोही 10 ते 20 सेकंदांच्या धावेचा. नंतर सेलफिशसारख्या वेगवान समजल्या जाणाऱ्या माशाच्या अंगाला यंत्रं लावून आणि त्याचे स्नायू किती झटकन आकसतात ते मोजून जे वेग निघाले, ते सेकंदाला 8 ते 10 मीटरच्या आतले, म्हणजे ताशी 30-36 किलोमीटर. जुन्या आकड्यांवर तेव्हापासून फारसा कुणी भरवसा ठेवत नाही. एरवी मीटरभर लांबीचा कुपा दिवसभर सेकंदाला एक-दोन मीटर या चालीने जातो, म्हणजे आपण घाईत चालतो किंवा हळू धावतो तेवढाच. त्याची खरी ख्याती वेगळी आहे: तो थांबत नाही. थांबायची सोयच त्याला नाही.

बाकीचे बरेच मासे तोंडाची उघडझाप करून कल्ल्यांवर पाणी घेतात. कुपा तोंड अर्धवट उघडं ठेवून पुढे जातो आणि पाणी आपोआप कल्ल्यांतून वाहतं. पोहणं थांबलं की श्वास थांबला. शिवाय अंग पाण्यापेक्षा जड. पंखांवर तोलत पुढे सरकत राहिलं नाही तर तो बुडतो. त्याच्या कल्ल्यांचा पृष्ठभाग ट्राउटच्या तुलनेत सात ते नऊ पट, हृदय मोठं, रक्त दाट. होनोलुलूच्या केवालो प्रयोगशाळेत 'विश्रांतीत हा मासा किती ऑक्सिजन खर्च करतो' हे मोजायचं ठरलं तेव्हा अडचण अशी की हा विश्रांती घेतच नाही. शेवटी मासा सुन्न करून, तोंडातून पाण्याची धार सोडून मोजणी करावी लागली. सॅमनसारख्या चपळ माशांच्या निदान दुप्पट-तिप्पट खर्च निघाला. नुसतं जिवंत राहण्याचा खर्च हा, धावण्याचा वेगळा.

आता तुकड्याकडे या. घरात बांगडा असेल तर त्याचा एक आडवा काप आणि बाजारातल्या कुप्याची आडवी चकती शेजारी ठेवून बघा. बांगड्याचं काळं मांस कातडीलगत, अंगाच्या दोन्ही बाजूंना पट्टीसारखं असतं. कुप्याचं काळं मांस आत, मणक्याला चिकटून असतं, गडद काळपट लाल पाचरीसारखं. रोजची न थांबणारी चाल याच काळ्या मांसावर चालते. ते सतत काम करतं, सतत तापतं, आणि ती उष्णता कल्ल्यांतून समुद्रात जाऊ नये म्हणून तिथे बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते: आत येणारं थंड रक्त आणि बाहेर जाणारं गरम रक्त एकमेकांना घासून उलट दिशेने वाहतं, आणि उष्णता आतल्या आत परत फिरते. जॉन डेव्ही या ब्रिटिश डॉक्टरने 1835 साली नोंदवलेलं मोजमाप आजही वाचण्यासारखं आहे: ट्यूनाच्याच कुळातल्या माशाचं अंग 99 अंश फॅरनहाइट, भोवतालचं पाणी 80.5. आपल्या कुप्याचा फरक एरवी थोड्याच अंशांचा असतो, थंड पाण्यातल्या ब्लूफिन ट्यूनाचा 20 अंश सेल्सिअसपर्यंत जातो. सुरमई कितीही चपळ असली तरी तिच्यात ही जाळी नाही. तिचं अंग पाण्याइतकंच थंड.

पाकिटातले गुलाबी तुकडे मात्र या काळ्या मांसाचे नाहीत. ते काढून टाकलेलं असतं. आपण विकत घेतो ते पांढऱ्या स्नायूचं, म्हणजे राखीव इंजिनाचं मांस. भक्ष्यावर झेप किंवा शार्कपासून सुटका, एवढ्यापुरतंच ते पूर्ण जोरात चालतं. ऑक्सिजनची वाट न बघता साठवलेली साखर फोडून ताकद काढतं, आणि मागे लॅक्टिक आम्ल उरतं. ट्यूनाच्या स्नायूत धावेनंतर जितकं लॅक्टिक आम्ल साठतं, तितकं फार थोड्या प्राण्यांत सापडतं. जिवंत मासा ते काही तासांत निपटून टाकतो. गळाला लागलेल्या माशाला ती संधी मिळत नाही.

आमच्या पाकिटातला चौथा तुकडा याच हिशेबाचा बळी. बाकीचे तीन अर्धपारदर्शक, बोटाने दाबले तर परत वर येणारे. हा एक फिकट, दुधी, कडेने ओलसर, शिजवायच्या आधीच अर्धवट शिजल्यासारखा. जिभेला किंचित आंबट आणि नंतर धातूसारखी चव. जपानी बाजारात याला याके-निकु म्हणतात, जळकं मांस. मासा दोरीवर अर्धा-अर्धा तास झुंजला की आम्लता वाढत जाते, मांसाचा पीएच सातच्या जवळून साडेपाचपर्यंत घसरतो. त्यात अंग गरम, आणि गरम रक्त आतच धरून ठेवणारी ती जाळी. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की प्रथिनं चुलीशिवायच विरजतात. संशोधकांचं दुसरं मत असं की झुंजीत सुटलेल्या संप्रेरकांमुळे स्नायूतले प्रथिनं कुरतडणारे एन्झाइम जागे होतात. कारण कुठलंही धरा, दोष सगळ्यात जास्त मणक्याजवळच्या, म्हणजे सगळ्यात गरम भागात दिसतो, शेपटीकडे कमी. त्यामुळे एकाच माशाचे तीन तुकडे उत्तम आणि एक जळका, असं सहज होतं. खाल्ल्याने अपाय नाही, पण भाजला की भुगा. असा तुकडा मिठाच्या पाण्यात उकडून कटलेटला वापरावा.

म्हणूनच पाकिटावर मासा कसा पकडला हे लिहिलेलं असावं. या पाकिटावर नाही, आणि अर्धा गुण तिथेच कापला. जाळ्यात अडकलेला कुपा धडपडतो, पुढे सरकता येत नसल्यामुळे श्वासही घेऊ शकत नाही, आणि बोट येईपर्यंत गरम पाण्यात मेलेला लटकून राहतो. सगळ्यात वाईट माल हा. काठी आणि गळाने काही सेकंदांत वर ओढलेला मासा चांगला, पण त्यालाही पुढची पावलं लागतात: मेंदूत टोचणं, मणक्याच्या नळीतून तार घालून स्नायूंची फडफड बंद करणं, छातीच्या पंखामागे दोन्ही बाजूंना छेद देऊन रक्त काढणं, कल्ले-आतडी काढणं, आणि लगेच बर्फ-पाण्याच्या चिखलात बुडवणं. छातीच्या पंखामागचा छेद कुठेही नाही देत; काळ्या मांसाला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी तिथे कातडीखालून जाते. जी नळी माशाला गरम ठेवते तीच कापून त्याला गार करायचं. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेला 30 किलोचा मासा आत गार व्हायला कितीतरी तास घेतो, कारण खड्यांमध्ये हवा असते. चिखलात बर्फाचं पाणी चारी बाजूंनी अंगाला लागतं.

रंगाबद्दल. घेताना लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. कापलेला कुपा हवेत लाल दिसतो तो मायोग्लोबिनमुळे, म्हणजे स्नायूत ऑक्सिजनची शिल्लक ठेवणाऱ्या रंगद्रव्यामुळे. हे द्रव्य ऑक्सिजनने जुनं झालं की तपकिरी होतं. गंमत म्हणजे शून्याखाली थोड्याच अंशांवर, उणे 3 ते उणे 10 च्या पट्ट्यात, हा बदल बराच जोरात होतो. उणे 18 च्या घरगुती फ्रीजरमध्ये तो मंद होतो, थांबत नाही. जपानी बोटी उणे 60 ठेवतात ते यासाठी. तेव्हा उणे 18 ला साठवून आलेल्या पाकिटातला तुकडा जरा चॉकलेटी झाक असलेला असला तर घाबरू नका, ते प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. घाबरायचं ते कलिंगडासारख्या एकसारख्या लालभडक तुकड्याला, जो उघड्यावर दोन दिवस ठेवला तरी रंग सोडत नाही. त्याला कार्बन मोनॉक्साइड किंवा 'चवरहित धूर' दिलेला असण्याची शक्यता मोठी. वायू मायोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि रंग गोठवतो. खाणाऱ्याला त्या वायूचा अपाय नाही, पण मासा सडला तरी तो ताजाच दिसत राहतो. युरोपीय संघात आणि जपानमध्ये या प्रक्रियेला परवानगी नाही, अमेरिकेत आहे. आमच्या पाकिटातले तुकडे बर्फातून सोडवल्यावर दुसऱ्या दिवशी कडेने तपकिरी झाले. गुण दिले.

रंग फसवतो तेव्हा खरा धोका हिस्टामिनचा. लॅक्टिक आम्लाचा मारा पेलायला ट्यूनाच्या पांढऱ्या स्नायूत हिस्टिडिन (प्रथिनांचा एक घटक) आणि त्याचे भाऊबंद भरपूर असतात. धावपळीचा मासा आहे, आम्ल झेलायला काहीतरी हवंच. मासा मेल्यावर गरम राहिला की जिवाणू त्याच हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. एकदा झालं की शिजवून, तळून, डबाबंद करून, गोठवून, कशानेच जात नाही. वास येईलच असंही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंडात मिरी चावल्यासारखी चुरचुर, चेहरा लाल, डोकं ठणकणं, छातीत धडधड. लोक याला माशाची अॅलर्जी समजतात. बहुतेकदा दोष साखळीतल्या बर्फाचा असतो. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, आरोग्याची मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे. घरी मोजायची सोय नाही, म्हणून एकच नियम: तोंडात चुरचुर लागली की घास थुंका आणि उरलेला मासा टाका. धाप लागली किंवा चक्कर आली तर डॉक्टर गाठा.

घरपोच सेवेबद्दल याच कारणाने कुरकुर. खोका थर्माकोलचा, जेलच्या दोन पिशव्या, पण पाकीट हातात आलं तेव्हा तुकड्यांचे कोपरे दबत होते. पुन्हा फ्रीजरला टाकलं तर बर्फाचे मोठे खडे होऊन पेशी फाटतात आणि सोडवताना सगळा रस ताटात. कोपरे मऊ असतील तर पाकीट त्याच दिवशी फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

सोडवण्याची रीत पाकिटावर 'नळाखाली धरा' एवढीच दिलीय, ती चुकीची. आधी पाकीट कापून उघडा. व्हॅक्युममध्ये हवा नसते, आणि हवेविना वाढणारे बोट्युलिझमचे जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतात. एक लिटर कोमट पाण्यात (35 ते 40 अंश, बोटाला जेमतेम ऊन) 30 ग्रॅम मीठ विरघळवा. गोठलेला तुकडा त्यात मिनिट-दीड मिनिट बुडवा, करवतीने कापताना चिकटलेला भुसा आणि बर्फाचा थर जाईल. पुसा, टिश्यू पेपरात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात जाळीवर ठेवा, फ्रीजमध्ये आठ ते बारा तास. सोडवण्याआधी आणि नंतर वजन करा. 500 ग्रॅममागे 20-25 ग्रॅम पाणी सुटलं तर चालेल. 50 च्या पुढे गेलं तर एक तर माल जळका आहे किंवा वाटेत सुटून पुन्हा गोठलाय.

भाजताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की यात चरबी नावालाच आहे. कच्च्या येलोफिनच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 24 ग्रॅमच्या आसपास, चरबी एक ग्रॅमही नाही. सुरमईची तुकडी दोन मिनिटं जास्त राहिली तरी माफ करते, कुपा करत नाही. अडीच सेंटिमीटर जाडीचा काप, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवलेला, तुकड्यालाच तेल लावायचं, मीठ ऐनवेळी, एका बाजूला 50 सेकंद ते मिनिटभर, उलटून तेवढंच. मधे गुलाबी राहिला पाहिजे. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस खाणार असेल तर पूर्ण शिजवा आणि कोरडा होणार हे मान्य करा. कच्चा खाण्यासाठी हे पाकीट नाही. तसं लेबलवर लिहिलेलं नसेल तर साशिमीचा मोह टाळा. धागे कुठल्या दिशेने जातात ते बघून आडवा कापा. उभा कापला की दोरा चावल्यासारखं लागतं.

डबाबंद ट्यूनाचं थोडक्यात. 'निव्वळ वजन' वाचू नका, 'निथळलेलं वजन' वाचा. डब्यासाठी मासा आधी वाफवतात, काळं मांस काढतात, मग डब्यात घालून पुन्हा दाबाखाली शिजवतात, म्हणजे दोनदा शिजलेला. सॅलड आणि सँडविचला ठीक. तो बहुधा स्किपजॅक हा लहान जातीचा ट्यूना असतो, आणि त्याचा एक फायदा पाऱ्याचा. सतत पेटलेलं इंजिन म्हणजे सतत खाणं, आणि जितकं खाणं तितका भक्ष्यातला पारा अंगात साठणं; मासा मोठा आणि वयस्क तितका साठा जास्त. स्किपजॅक लहानपणीच पकडला जातो. अमेरिकेच्या एफडीएच्या यादीत गरोदर स्त्रियांसाठी स्किपजॅकचा डबा सगळ्यात वरच्या, म्हणजे उत्तम निवडीच्या गटात आहे, येलोफिन त्याच्या खाली, आणि बिगआय ट्यूना टाळायच्या यादीत.

लक्षद्वीपचा मासमिन कुठे मिळाला तर जरूर घ्या. मिनिकॉयला काठी-गळाने पकडलेल्या स्किपजॅकचे चार उभे भाग करून उकडतात, धुरावर ठेवतात, उन्हात वाळवतात. खडखडीत लाकूड होतं. किसून खोबऱ्याबरोबर घ्यायचा. चांगला तुकडा आपटला तर ठक्क वाजतो; वाकला तर आत ओल आहे, घेऊ नका.

आणि गेदर. मुंबईच्या ससून डॉकला, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला किंवा मालवणात पाटीत दिसतो, पाठीवर तिरक्या रेघा, छातीच्या पंखाखाली काळे ठिपके. हाही गरम अंगाचाच मासा, फक्त आकाराने लहान आणि काळं मांस प्रमाणाने जास्त. म्हणूनच स्वस्त, आणि म्हणूनच चिंच-कोकमाच्या कालवणाला कुप्यापेक्षा सरस. काळ्या मांसात चरबी आणि चव दोन्ही आहे. पोट घट्ट आणि कल्ले लाल बघून घ्या, पोट फुटलेला कितीही स्वस्त दिला तरी नको. कोळणीकडून चकत्या करून घेताना मणक्यालगतची रक्ताची गुठळी बोटाने काढायला सांगा. घरी आणल्यावर कोकमाच्या पाण्यात चमचाभर मीठ घालून 15 मिनिटं ठेवा, ते पाणी ओता, मग तिरफळं घालून तिखलं करा. वाटणात चकत्या घातल्यावर एकच कढ, आणि झाकण ठेवून गॅस बंद.